गेंड्याच्या बदल्यात

डॉक्टरबाईंची गाडी अंगणात आली तेव्हा कुणाला तिचा आवाजच आला नाही.

घरची थोरली सून स्वयंपाकघराच्या खिडकीशी कप पुसत उभी होती. दुपार कलली होती. झाडांखाली ऊन पातळ होऊन पसरलं होतं, आणि त्या उन्हातून ती लांबट, बुटकी, जुनी सेडान फाटकातून आत सरकली, एखादी होडी पाण्यात हळूच सोडून द्यावी तशी. रंग पांढरा म्हणावा तर पांढरा नव्हता. थोरलीची उमेदीची सगळी वर्षं दातांच्या कवळ्या करण्यात गेलेली. पांढऱ्याच्या छटा किती, हे तिला विचारावं. ही छटा तिने खिडकीतूनच ओळखली : साठी उलटलेल्या, चहाबाज, पण दात नीट राखलेल्या माणसाची.

गाडी बरोबर गेंड्याच्या शेजारी थांबली.

गेंडा म्हणजे घरची एसयूव्ही. हे नाव धाकट्या दिराने ठेवलं होतं आणि ते सगळ्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की गाडीचं खरं नाव आता कुणाला पटकन आठवलंही नसतं. उंच, करडा, सात माणसांचा, कधी बंद न पडलेला गेंडा. त्या दोन गाड्या शेजारी शेजारी पाहताना थोरलीला उगाच वाटून गेलं, की एक जण उभा आहे आणि दुसरी आरामात पाय पसरून बसली आहे.

"आली का ती?" नवऱ्याने मागून विचारलं. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज तिने क्वचितच ऐकला होता. शाळकरी पोराला सुट्टी जाहीर झाल्यासारखा.

खरं तर हे सगळं तिच्यामुळेच सुरू झालं होतं, आणि तेच तिला खुपत होतं. डॉक्टरबाईंचं आणि तिचं नातं दातांचं. त्या साचे घेऊन पाठवायच्या, ही मेणात दात लावायची, प्लास्टरच्या धुळीत बसून घासून-पुसून कवळी परत धाडायची. कितीतरी वर्षं अशी गेली. मागच्या महिन्यात त्या स्वतः तिच्या दातांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि स्टुलावर टेकून म्हणाल्या, "दवाखाना बंद करतेय. डोंगराकडच्या वस्त्यांवर फिरून दात बघणार आहे. तिकडे माझ्या गाडीचं पोट रस्त्याला घासेल. तुमची ती मोठी गाडी आहे ना? अदलाबदल करता का? माझी जुनी आहे, पण गुणाची आहे."

थोरली हसली होती. घरी येऊन तिने ते नवऱ्याला गंमत म्हणून सांगितलं. नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, "बघायला काय हरकत आहे?"

आणि मग जे व्हायचं तेच झालं. धाकट्याला कळलं, नणंदेला कळलं, आणि रविवारी सगळे घरी येऊन बसले.

धाकटा गाडीभोवती एक चक्कर मारून आला. तो सुतार, चांगल्या हाताचा सुतार, कुठलीही वस्तू बघितली की आधी ठोकून बघायची त्याला सवय. त्याने सेडानच्या टपावर बोटं आपटली.

"पत्रा चांगलाय," तो म्हणाला. "पण दादा, हिच्यावर मी कपाट ठेवलं तर ही बसेल."

"कपाट ठेवायचंच कशाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"डॉक्टरबाई, तुम्ही दात काढता तेव्हा पेशंट विचारतो का, काढायचाच कशाला?"

सगळे हसले. डॉक्टरबाईही हसल्या. नवऱ्याने मात्र सेडानचं दार उघडलं होतं आणि तो आतल्या गादीवरून तळहात फिरवत होता. दार लागलं ते कपाटात घडी ठेवल्यासारखं, हलक्या आवाजात. त्याने ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तुला झालंय काय दादा?" नणंद म्हणाली. "लहान मुलासारखा दाराशी काय खेळतोयस?"

चहा झाला. सगळे बैठकीत जमले. खिडकीचे पडदे वाऱ्याने आत येत होते, बाहेर जात होते. सासूबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. त्या झोपल्यात की ऐकताहेत हे या घरात कुणाला कधी कळलं नव्हतं.

नणंदेने सुरुवात केली. ती हिशेबाने बोलणारी बाई, शाळेत भूगोल शिकवायची, आणि कुठलाही मुद्दा नकाशा उलगडावा तसा मांडायची.

"मी एकच विचारते. पुराच्या रात्री ही गाडी असती तर?"

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या रात्रीचं नाव निघालं की हे असंच व्हायचं. नदीचं पाणी फाटकातून आत आलं होतं, सासूबाईंना धाप लागली होती, आणि नवऱ्याने गेंडा काढला होता. गाडीच्या दिव्यांपर्यंत पाणी होतं. गेंडा एकदाही न अडखळता टेकडीवरच्या हॉस्पिटलपर्यंत चढला होता. थोरली तेव्हा सगळ्यात मागच्या आसनावर होती, नेहमीसारखी. पुढे सासूबाई, मध्ये तेव्हा राहायला आलेली नणंद आणि तिची दोन्ही मुलं, मागे सामान आणि ती. मागच्या काचेतून आपलं घर काळ्या पाण्यात लहान लहान होत जाताना फक्त तिने पाहिलं होतं. एरवीही रस्ता तिच्या वाट्याला नेहमी असाच यायचा, मागे पडत जाणारा.

"आई आज खुर्चीत बसलीय ती त्या गाडीमुळे," नणंद म्हणाली. "तीच गाडी कुणाच्या तरी हौसेपायी घराबाहेर काढायची?"

"अगदी बरोबर बोललीस," धाकटा म्हणाला. एरवी या दोघांचं कधी पटायचं नाही. धाकट्याने नणंदेचं शिसवी टेबल दोन वर्षं रखडवलं होतं आणि ती ते दर भेटीत उकरून काढायची. पण आज दोघं एकाच सोफ्यावर, गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

"वहिनी, तुला काय वाटतं?" नणंदेने विचारलं.

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. थोरली उठली. "कप आत ठेवून येते," म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली. कप सगळे बैठकीतच राहिले.

नवरा तिच्या मागोमाग आला. त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. सगळ्या गावाचं पाणी पंपघरातून वर चढवायचं त्याचं काम. कुठलीही टाकी रिकामी पडू द्यायची नाही, ही त्याची नोकरी होती आणि हाच स्वभाव.

"तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

तो ओट्याला टेकला. 

"खरं सांगू? फोन वाजला की आधी वाटतं, उचलूच नये. याचं कपाट, तिच्या मुलांचं पोहणं, कुणाला स्टेशनवर सोड, कुणाची गादी आण. पुरापासून तर सगळे मला विचारतही नाहीत. नुसतं सांगतात. मला झोपेतसुद्धा हॉर्न ऐकू येतो. मी उठून बसतो, तर बाहेर सगळं शांत असतं." त्याने गळणारा नळ घट्ट पिळला. "मला नाही म्हणता येत नाही गं. ही गाडी माझ्या वतीने नाही म्हणेल. हिच्यात कपाट मावत नाही, सात माणसं मावत नाहीत. संपलं. माझं तोंड वाईट व्हायला नको."

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची माया आली, आणि त्याच वेळी रागही आला. दोन्ही इतके एकमेकांत मिसळून आले, की कुठला आधी बोलेल हे तिलाच कळेना.

"आणि तोंड कुणाचं वाईट होईल?" ती हळूच म्हणाली. "डॉक्टरबाई कुणाच्या ओळखीच्या? माझ्या. उद्या धाकटे भावजी म्हणणार, वहिनीने गाडी घालवली. ताई म्हणणार, वहिनीला हौस सुचली. तुम्ही बिचारे आणि मी कारस्थानी. मला नको अशी गाडी."

"मग काय करू?"

"आधी स्वतः नाही म्हणा. मग गाडीचं बघू."

तो असा पाहत राहिला, की जणू तिने त्याला पंपघराच्या टाकीत उडी मारायला सांगितलं होतं. मग त्याने कॉलर सरळ केली आणि दार उघडलं.

बैठकीत धाकटा डॉक्टरबाईंना गेंड्याच्या टपावरचं कॅरियर कसं आपण स्वतः बसवलं ते सांगत होता. दादाला बघून तो म्हणाला, "हे बघ, तुला हौसच असेल तर माझी काही आडकाठी नाही. पण गुरुवारपर्यंत गेंडा ठेव. तीन कपाटं पोचवायचीत, पलीकडच्या गावात. सकाळी लवकर ये, म्हणजे दुपारपर्यंत मोकळे."

नवरा उभाच होता. पडदा आत आला, त्याच्या खांद्याला लागला, बाहेर गेला.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे? शुक्रवारी?"

"शुक्रवारीही नाही. गाडी बदलली तरी नाही आणि राहिली तरी नाही. तू टेम्पो कर. मी कपाटं पोचवणार नाही यापुढे." तो बहिणीकडे वळला. "आणि तुझ्या मुलांना पोहायला नेणंही मला जमणार नाही. आईला काही झालं तर मी आहे. तुम्हाला कुणाला काही झालं तर मी आहे. पण रोजचं नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला. मोठा गडी, पण क्षणभर तो खरोखरच धाकटा दिसला.

"मी काय परका आहे दादा?"

"परका असतास तर केव्हाच नाही म्हटलं असतं."

 थोरली दाराच्या चौकटीत उभी होती. तिला वाटलं, आपण हे सगळं काचेपलीकडून बघतोय. माणसांचे ओठ हलताहेत, ऊन जमिनीवरून सावकाश भिंतीवर चढतंय, आणि या घरात पहिल्यांदाच एक शब्द असा बोलला गेलाय जो परत घेता येणार नाही.

सगळ्यात आधी नणंद सावरली. तिचं डोकं असल्या वेळी झपाट्याने चालायचं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मुलांचं मी बघेन. पण दादा, तुला जे म्हणायचं होतं ते तू म्हणालास. मोकळा झालास. मग आता गेंडा द्यायचं कारणच काय उरलं? राहू दे की घरात. न वापरता राहू दे. अडीअडचणीला."

"माझी भीड धरू नका हं," डॉक्टरबाईही म्हणाल्या. "मी दुसरी बघेन."

नवऱ्याने डोक्यावरून हात फिरवला. "तेही खरंच आहे म्हणा," तो पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि त्या सुटकेच्या कडेला एक बारीकशी उदासी. धाकट्याने मान हलवली. नणंद पर्स आवरू लागली. प्रश्न सुटला होता.

"मला हवीय."

कोण बोललं हे आधी कुणाला कळलंच नाही. थोरलीला स्वतःलाही नाही. शब्द तोंडातून निघून गेल्यावर ते आपले आहेत हे तिच्या लक्षात आलं.

"काय हवंय वहिनी?" धाकट्याने विचारलं.

"ती गाडी. पांढरी."

"तुला?" नणंद म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, निखळ नवल होतं. या घरात येऊन थोरलीने कधी काही मागितलं होतं का, हे ती आठवून बघत असावी.

"हो, मला. त्या खिडकीतून ती आत येताना मी पाहिली, तेव्हापासून हवीय."

"आणि पूर? पूर आला तर?"

थोरली पुढे आली आणि टेबलावरचे कप एकेक करून ट्रेमध्ये ठेवू लागली. हाताला काम असलं की तिला बोलता यायचं.

"ताई, त्या दिवशी दुपारपासून पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजत होता. शेजारचे सगळे संध्याकाळीच टेकडीवर गेले. आपण गेलो नाही. का? तर आपल्याकडे गेंडा आहे. कितीही पाणी आलं तरी निघू. असं म्हणत म्हणत आपण जेवलो, भांडी घासली, आणि पाणी पायरीला लागलं तेव्हा उठलो. आईंना धाप त्या गार पाण्यातून चालतानाच लागली. गेंड्याने वाचवलं, हे खरं. पण अडकलोही त्याच्याच भरवशावर." तिने शेवटचा कप उचलला. "ही गाडी पाण्यातून जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत असेल. मग भोंगा वाजला की निघू. चारचौघांसारखे."

 नकाशावर एखादी नदी चुकीच्या बाजूने दाखवल्याचं लक्षात यावं, तसं नणंदेने थोरलीकडे पाहिलं.

"हे तू आधी कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"आई आत्ता इथेच होती ना?" नवरा एकदम म्हणाला.

खुर्ची रिकामी होती. शाल तेवढी तिच्या हातावर लोंबत होती. आतल्या खोल्या बघून झाल्या, मागचं अंगण बघून झालं. धाकटा फाटकापर्यंत धावला. थोरलीला कसं सुचलं कोण जाणे, ती सेडानपाशी गेली आणि वाकून काचेतून बघितलं.

मागच्या लांबलचक आसनावर सासूबाई आडव्या झाल्या होत्या. चपला काढून खाली नीट जोडून ठेवल्या होत्या. पानांच्या सावल्या त्यांच्या चेहऱ्यावरून हलत होत्या आणि त्या गाढ झोपल्या होत्या, प्रवासाला निघालेल्या लहान मुलीसारख्या.

नवऱ्याने दार उघडलं तशा त्या जाग्या झाल्या.

"पोचलो?" त्यांनी विचारलं.

"आई, अजून निघालोच नाही. तू इथे काय करतेस?"

"झोपले होते. तुमचं बोलणं संपेना." त्या उठल्या नाहीत. "हिच्यात कुणी मला उचलून बसवायला लागत नाही. मागे वळले आणि बसले. त्या गेंड्यात मला पोत्यासारखं वर ढकलता तुम्ही, आणि वर पुढच्या जागेवर नेऊन बसवता. पाय आखडतात, समोरच्या गाड्या अंगावर येतात. घाबरून सारखी दाराची मूठ धरून बसते मी."

"पण आई," थोरली म्हणाली, "तुम्हाला पुढे बसायला आवडतं म्हणून..."

"मला? मला वाटलं, तुला मागे निवांत आवडतं. कधी काही बोलली नाहीस."

सासू आणि सून एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरलीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलवत, आणि मग तिला सेडानच्या दाराला धरून उभं राहावं लागलं. सासूबाईही हसायला लागल्या, झोपल्या झोपल्याच, पोट धरून. बाकीचे नुसते बघत होते. त्यात हसण्यासारखं काय होतं हे त्या दोघींनाच माहीत.

गेंडा जाणार हे आता ठरल्यासारखंच होतं. धाकटा तेवढा हसला नाही. तो गेंड्याच्या टपावर चढला आणि कॅरियरचे नट सोडवू लागला. पाना नटावरून निसटला की तो पुटपुटायचा. दादाने खालून विचारलं, "हात लावू का?" त्याने पाना पुढच्या नटाला लावला. डॉक्टरबाई मात्र गेंड्याचं मागचं दार उघडून आत डोकावत होत्या. "इथे खुर्ची बसेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण औजारांना खण हवेत. हालता कामा नयेत. वस्त्यांवरचे रस्ते फार वाईट."

वरचा पाना थांबला.

"खण कशाचे?" धाकट्याने विचारलं.

"कशाचेही. मला कुठे कळतंय?"

तो खाली उतरला. खिशातून टेप काढून त्याने गेंड्याच्या पोटात रुंदी मापली, मग उंची. "कॅरियर राहू द्या," तो म्हणाला. "तुम्हाला लागेल." दादाकडे त्याने अजूनही पाहिलं नव्हतं. पण निघताना दादाच्या जवळून जाताना त्याने खांद्याने त्याला किंचित धक्का दिला, लहानपणी द्यायचा तसा. तो राग होता की समेट, हे दादाला बहुधा बरेच दिवस कळणार नव्हतं.

कागदपत्रांची भाषा झाली, किल्ल्या या हातातून त्या हातात गेल्या. गेंडा फाटकातून बाहेर पडला. डॉक्टरबाई उंच बसल्या होत्या आणि शेजारी धाकटा हवेत हात हलवत खणांची आखणी समजावत होता. नणंद आपल्या घरी गेली. जाताना तिने थोरलीचा दंड दाबला.

"चला, एक फेरी मारून येऊ," नवरा म्हणाला.

"कुठे?"

"कुठेच नाही."

सासूबाई मागून उठल्याच नव्हत्या. थोरली सवयीने मागच्या दाराशी गेली, थबकली, आणि वळसा घालून पुढे येऊन बसली.

गाडी नदीच्या कडेने निघाली.   समोरची काच एवढी मोठी असते हे थोरलीला ठाऊक नव्हतं. झाडं दुरून लहान निघायची, मोठी होत यायची आणि अगदी जवळ येऊन बाजूने निघून जायची. वळण आधी दिसायचं, मग यायचं. नदीवर धुक्यासारखं काहीतरी तरंगत होतं आणि रस्ता त्यात हळूहळू विरघळत होता. तरी गाडी पुढे गेली की तो पुन्हा तयार होऊन समोर यायचा. आपण जागे आहोत की डोळा लागलाय, हे तिला काही वेळ नीट सांगता आलं नसतं.

मग तिला ते ऐकू आलं. फार बारीक, इंजिनाच्या आवाजाखालून. आधी तिला वाटलं, कुठेतरी रेडिओ लागलाय. तिने मान वळवली. नवरा रस्त्याकडे बघत गुणगुणत होता. ओठ मिटलेले, एक बोट स्टिअरिंगवर ठेका धरत होतं. चाल तिच्या ओळखीची नव्हती. ती वर जायची, अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

"हे काय म्हणताय?" तिने विचारलं.

"काय?"

"तुम्ही गुणगुणताय."

"मी?" तो चमकला. त्याचे कान लाल झाले. "नाही बुवा."

"नेहमी म्हणतो गाडी चालवताना," मागून सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "शिकायला लागला तेव्हापासून. मी ऐकते ना."

"आई, काहीतरीच!"

त्याने ओठ घट्ट मिटले आणि ताठ बसून गाडी चालवू लागला. पूल आला. पुलावरचे दिवे नुकतेच लागत होते. थोरलीला वाटलं, उगाच बोलले. इतकी वर्षं हा आवाज त्या मोठ्या गाडीच्या पुढच्या टोकाला होता आणि मागच्या टोकाला ती होती, आणि आता हाताच्या अंतरावर आला तर तिने त्याला घाबरवून पळवून लावलं.

तिने काच थोडी खाली केली आणि तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. नदीकडे बघत राहिली. तिचं लक्ष पाण्याकडे आहे, असं कुणालाही वाटलं असतं. पूल संपला. पलीकडची घरं, गवताचं मैदान, एक लांब भिंत. ती हलली नाही, खाकरलीही नाही.

भिंत संपता संपता ती चाल पुन्हा सुरू झाली, अगदी दबकत, मधूनच.